सहा हातांचे मावळे

माझ्याकडे सांभाळायला दिलेली वस्तू हरवत नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. म्हणजे गेल्या दिवाळीपर्यंत सांगू शकत होतो. लायब्ररीची पुस्तकं, शेजाऱ्यांच्या चाव्या, माझ्या बायकोच्या, मीनाक्षीच्या मामांनी २०१२ साली ठेवायला दिलेली छत्री, सगळं जिथल्या तिथे आहे. मामा छत्री न्यायला आलेच नाहीत, यात माझी काही चूक नाही.

म्हणून तर गोपीनाथकाकांनी ती पेटी माझ्याकडे दिली.

पेटीबद्दल सांगायचं तर आधी टार्गोवाबद्दल सांगावं लागतं, आणि ते मी गेली पंधरा वर्षं भेटेल त्याला सांगतोय. आता दमलोय, थोडक्यात उरकतो. टार्गोवा हा टेबलावर मांडून खेळायचा लढाईचा खेळ. बोटाएवढे धातूचे सैनिक, फासे आणि एक फुटपट्टी. सैनिक परग्रहावरचे, डोकं ऑक्टोपसचं, हात सहा. इंग्लंडमधली एक कंपनी तो बनवायची. ती २००६ मध्ये बुडाली. तेव्हापासून जगभरातले आम्ही एकतीस जण हा खेळ जिवंत ठेवून आहोत. नियमांचं पुस्तक आम्हीच दुरुस्त करतो. सध्या अकरावी आवृत्ती चालू आहे, पानं एकशे चाळीस. मी त्या नियमसमितीचा सचिव. पगार नाही, भत्ता नाही, शिव्या मात्र वेळच्या वेळी.

गेली नऊ वर्षं आमची समिती एकाच प्रश्नावर अडलीय. सैनिकाला हात सहा, तर एका खेपेत त्याने कामं किती करायची? एक गट म्हणतो सहा. दुसरा म्हणतो तीन. यावरून दोघांनी एकमेकांच्या लग्नाला जाणं टाळलं. दरम्यान नवा माणूस कोणी आलाच नाही. आमच्यात सगळ्यात तरुण मी, आणि माझे गुडघे जिना चढताना वाजतात.

गोपीनाथकाका आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. हवाई दलातून ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त, मुक्काम चंदीगडशेजारचं पंचकुला. कंपनी बुडाली तेव्हा ते कामासाठी इंग्लंडात होते. तिथल्या लिलावात त्यांनी एक लाकडी पेटी घेतली. त्या पेटीत चाळीस मास्टर, म्हणजे मूळ पुतळे. त्यांच्यावरून साचा निघतो आणि साच्यातून पुढची फौज. आमच्याकडचे जुने सैनिक आता मोडत चाललेत, कोणाला पाच हात, कोणाला तीन. पेटी आहे तोवर नवे ओतता येतील. पेटी गेली की खेळ संपला.

काका दिवाळीनंतर कायमचे नागपूरला लेकीकडे निघाले होते. जाण्याआधी त्यांनी मला बोलावलं.

"जयंता, पंधरा दिवस ठेवून बघ," ते म्हणाले. "भाऊबीजेला परत बघेन. नीट राहिली तर तुझी. नाहीतर हैदराबादच्या रुपेशला पाठवतो."

रुपेशकडे असल्या वस्तूंसाठी वेगळी एसी खोली आहे. माझ्याकडे मनीमाजऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे.

"काका, माझ्याकडून वस्तू हरवत नाही," मी म्हणालो.

आणि मी डोकंही चालवलं. नक्षीची लाकडी पेटी कोणाच्याही डोळ्यांत भरते. म्हणून ती रिकामी करून कपाटात ठेवली आणि पुतळे कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातले. डबा स्वयंपाकघरात, सगळ्यात वरच्या फळीवर, मागे. तिथे कोण बघणार?

दिवाळीच्या तोंडावर फराळाचे डबे कुठून काढतात, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

इकडे आमच्या चंदीगडच्या मराठी मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. मीनाक्षी मंडळाची सहसचिव, त्यामुळे आमचा किल्ला होणं भागच होतं. माझी मुलगी ईश्वरी चौथीत आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. ती आणि समोरच्या पार्कातली पोरं कामाला लागली. अडचण एकच. मनीमाजऱ्याच्या बाजारात पणत्या मिळतात, लक्ष्मी-गणेश मिळतात, पूजेतलं मातीचं छोटं घर, म्हणजे हटडी, मिळते. मावळा मिळत नाही. मीनाक्षीच्या भावाने कोल्हापुराहून मावळ्यांचं खोकं पाठवलं होतं. ते चार दिवस अंबाल्यात मुक्कामाला होतं.

सोमवारी मी मोहालीत, ऑफिसात, एका कानात साहेब आणि दुसऱ्या कानात मीनाक्षी, असा बसलो होतो. ती काहीतरी विचारत होती. साहेबही काहीतरी विचारत होते. मी दोघांनाही एकच उत्तर दिलं.

"हो, चालेल. पुढे जा."

त्या आठवड्यात मी रोज अंधार पडल्यावर घरी येत होतो. ईश्वरी रोज म्हणायची, "पापा, किला देखो ना." मी बूट काढता काढता म्हणायचो, "मस्त झालाय गं." मग जेवून आडवा व्हायचो.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. 'मनीमाजरा विभाग, किल्ला क्रमांक चार.' किल्ला झकास होता. बुरूज, तोफा, अळिवाचं हिरवंगार शेत, वर घरची महाराजांची मूर्ती. फोटो मोठा करून पाहिला. बुरुजावरच्या मावळ्याला सहा हात होते.

मी मीनाक्षीला फोन लावला.

"मीनू, ते मावळे कुठून आले?"

"वरच्या डब्यातले की. तुला विचारूनच घेतले."

"कधी विचारलंस?"

"सोमवारी. म्हटलं, त्या डब्यातले बाहुले घेऊ का, रंगवले तर चालतील का? तू म्हणालास, हो, चालेल, पुढे जा. मला जरा नवलच वाटलं. तू कधी इतक्या लवकर हो म्हणत नाहीस."

"अगं, ते गोपीनाथकाकांचे पुतळे आहेत. त्या पेटीतले."

"मग पेटीत का नाही ठेवलेस?"

मी फोटो पुन्हा उघडून आणखी मोठा केला.

"फेटे कशाचे केलेत?" मी विचारलं.

"एम-सीलचे. छान घट्ट बसलेत, बघ. हलत नाहीत."

मी खुर्चीत बसून होतो आणि तरी बसावंसं वाटत होतं. तेवढ्यात ग्रुपवर पुढचा संदेश आला. 'परीक्षण आज सायंकाळी पाच वाजता. परीक्षक: ग्रुप कॅप्टन गोपीनाथजी (निवृत्त).'

साहेबांना पोटदुखी सांगितली. मोहाली ते मनीमाजरा, प्रत्येक चौकात लाल दिवा. वाटेत एक योजना सुचली. पाचच्या आत चाळीस दुसरे सैनिक घ्यायचे, अदलाबदल करायची, पुतळे घरी न्यायचे, भाऊबीजेपर्यंत घासून साफ करायचे. मनीमाजऱ्याच्या बाजारात केकची सजावट विकणाऱ्या दुकानात शिरलो.

"भाईसाब, छोटे फौजी हैं? चालीस?"

"फौजी तो निकल गए जी. भांगड़े वाले हैं."

मी पाहिले. पगडी होती, मिशी होती, दोन्ही हात वर होते. लांबून चढाई करताहेत असं वाटलं असतं. चाळीस घेतले.

पार्कात पोचलो तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं कमी होती. किल्ला आता प्रत्यक्ष पाहिला. माझे चाळीसच्या चाळीस मास्टर भगवे फेटे बांधून उभे होते. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, तिसऱ्यात मशाल, चौथ्यात तुतारी, उरलेल्या दोन हातांनी तोफ ढकलणं चालू. ऑक्टोपसच्या सोंडांच्या झुबकेदार मिशा झाल्या होत्या. आणि आमच्या खेळातला सगळ्यात दुर्मीळ पुतळा, टार्गोवाचा सम्राट, ज्याच्या चित्रापुढे रुपेश उदबत्ती लावतो, तो किल्ल्याखालच्या बाजारात भाजी विकत होता. सहाही हातांत टोमॅटो.

मी खाली वाकलो.

"पापा, हाथ मत लगाओ," ईश्वरी म्हणाली. गळ्यात शिट्टी होती.

"अगं, फक्त एक काढून बघतो."

"नहीं. मंडळ का रूल है. जजिंग से पहले कोई हाथ नहीं लगाएगा."

"ईश्वरी, मी तुझा बाप आहे."

"आप ही तो बोलते हो, रूल मतलब रूल."

हे मी खरंच म्हणतो. समितीत दर महिन्याला म्हणतो. तरी तिची पाठ वळल्यावर मी बुरुजावरचा एक पकडून ओढला. माती वाळून दगड झाली होती. मावळा निघेना. जोर लावला, तसा मावळा आला, मागोमाग बुरूज आला, बुरुजामागे तटबंदी आली आणि मी अळिवाच्या शेतात बसलो. पिशवी फाटून चाळीस भांगडेवाले गडावर पसरले. ईश्वरीने शिट्टी वाजवली.

"काय चाललंय?" मागून आवाज आला.

हवाई दलातल्या माणसाचे पाच म्हणजे पावणेपाच. गोपीनाथकाका हातात वही घेऊन उभे होते. शेजारी मीनाक्षी, चहाचा ट्रे धरून.

माझ्या हातात मावळा होता, त्याच्या हातात तुतारी. काकांनी चष्मा पुसला. गडाकडे पाहिलं. एकेक करून मोजले; त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मग हळूच खाली बसले आणि भाजीवाला उचलला. त्याच्या हातातला एक टोमॅटो गळून पडला.

"काका, माझीच चूक आहे," मी म्हणालो. "मी न ऐकता हो म्हणालो. पेटी रुपेशला द्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हे कोणी रंगवलं?"

"मैंने," ईश्वरी म्हणाली. "और बाकी सब ने. अंकल, इसको वापस रखो, ये बाज़ार का बॉस है. इसके पास से सामान लिए बिना कोई लड़ाई में नहीं जा सकता."

"लड़ाई? तुम लोग इनसे खेलते हो?"

"रोज़. सत्रह बच्चे हैं. दो टीम."

भारतभरातून आमच्या बैठकीला आजवर जास्तीत जास्त पाच जण आलेत, आणि त्यातला एक चुकून आला होता.

"अच्छा," काका अगदी सावकाश म्हणाले, "इसके छह हाथ हैं. तो एक बारी में कितने काम करेगा?"

नऊ वर्षं. दोन लग्नं.

"एक," ईश्वरी म्हणाली.

"एक ही क्यों?"

"हाथ छह हैं, पर दिमाग तो एक है ना, अंकल. एक काम करेगा, बाकी हाथ पकड़के खड़े रहेंगे."

काकांनी वही उघडून ते लिहून घेतलं.

"मला विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं," मीनाक्षी म्हणाली. "मला दोनच आहेत. घ्या काका, चहा."

काकांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत. "जयंता, वीस वर्षं मी हे कापसातून बाहेर काढले नाहीत. दर दिवाळीला झाकण उघडायचं, चाळीस मोजायचे, परत बंद. कोणीतरी खेळेल म्हणूनच ठेवले होते रे." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मलाही फार वाईट वाटलं. मी अळिवात बसून होतो, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग ते ईश्वरीकडे वळले. "बेटा, ये सब तुम सँभालोगी?"

"खेलना भी है, या सिर्फ़ सँभालना है?"

"खेलना है."

"तो ठीक है."

पेटीचं भवितव्य इतक्या झटपट ठरलं. मी पंधरा वर्षं घासत होतो, तिला अर्धं मिनिट लागलं. किल्ल्याला मात्र काकांनी दुसरा नंबर दिला. बुरूज पडल्याचे गुण कापले नाहीत. सम्राटाचा अंगरखा पुस्तकाप्रमाणे जांभळा हवा होता, तो पोपटी होता, त्याचे कापले.

पुढचं थोडकंच आहे. काका नागपूरला गेले. रुपेशने तीन पानी निषेध पाठवला, आणि चौथ्या दिवशी हळूच भाजीवाल्याचा फोटो मागितला. 'दिमाग एक, काम एक' हा नियम समितीत बावीस विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाला. एम-सील निघत नाही, त्यामुळे साचेही फेट्यांसकट निघाले. टार्गोवाच्या नव्या फौजेला जगभर आता सहा हात आणि एक फेटा असतो. सभासद एकतिसांचे अठ्ठेचाळीस झाले. नवे सतरा सगळे पाचवीच्या आतले. त्यांनी पहिल्याच बैठकीत एकशे चाळीस पानांचं पुस्तक एका पानावर आणलं, वहीतल्या चौकटीच्या पानावर, पेन्सिलने. त्यातला सातवा नियम असा: बड़े लोग बीच में नहीं बोलेंगे.

मी अजून सचिव आहे. बिस्किटं आणतो, फासे गोळा करतो, भांगडेवाले चाळीस घरात पडून आहेत, ते मोजतो. माझ्याकडून वस्तू हरवत नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी पार्कात खेळ रंगला होता. मी ईश्वरीच्या मागे जाऊन उभा राहिलो. ती फुटपट्टीने अंतर मोजत होती.

"ईश्वरी, पुढच्या डावात मला घेशील का गं?"

तिने मान वर केली नाही.

"हाँ पापा, हाँ."

मी घरी आलो आणि बूट काढले. हा असला होकार या घरात माझ्याइतका कोणाला ओळखू येणार.