पेटी आली, किल्ली राहिली

राधाकिसनला मोबाईलची एकच कला येत होती, पुसायची. जागा भरते म्हणून बायकोनं पाठवलेले आवाजातले निरोपही तो न ऐकताच पुसून टाकी. "समोर दिवसभर बोलतीच की, आन् पुन्हा मोबाईलवर काय ऐकायचं?" असं त्याचं म्हणणं. पोळ्यानंतर आसराबाई गेली आणि तेच घर त्याला खायला उठू लागलं. तिचा आवाज आता फक्त तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये उरला होता, आणि त्या मोबाईलची बॅटरी फुगली होती.

म्हणून धाकट्या बहिणीला, द्वारकाबाईला, सोबत घेऊन त्यानं शहागडला आदिनाथचं मोबाईलचं दुकान गाठलं. आदिनाथनं निरोपांचा सगळा साठा नव्या मोबाईलमध्ये उतरवला. "काका, बराबर आलं सगळं."

"मंग जुना पुसून टाक जल्दी. कोणाच्या हाती लागायला नको," राधाकिसन म्हणाला. सवय जाते कुठं!

आदिनाथनं पुसला. तेवढ्यात नव्या मोबाईलनं पासवर्ड मागितला.

"काका, काकूंनी साठ्याला कुलूप लावेल हाय. पेटी इकडं आली, पण किल्ली राह्यली. जुना चालू असता तर दुसरी किल्ली करता आली असती. आता काकूंचा पासवर्ड सापडला तरच उघडंल."

राधाकिसनच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानं खंडोबा सांगितला, लेक मोनिका सांगितली, शेवटी चंद्री म्हैससुद्धा सांगितली. कुलूप ढिम्म हललं नाही.

"आता एखादाच डाव राह्यला. मंग कायमचं बंद," आदिनाथ डोकं खाजवत म्हणाला. "मीच लावून देल्तं हे कुलूप. पासवर्ड सांगा म्हणलं, तर काकू लाजल्या. म्हणल्या, हे तोंडानं सांगायचं न्हाई, तू तिकडं तोंड कर. मंग एकेक अक्षर हुडकून स्वतःच टाकला."

राधाकिसनचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर एका चुलीवरचं खाल्लं, आणि बायको काही लपवत होती हे तिच्या माघारी कळावं? "असं काय होतं तिचं, जे सांगायचंबी न्हाई?"

द्वारकाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "येडा हाय का दादा तू? बाईनं तोंडानं घ्यायचं न्हाई असं नाव एकच राह्यतं."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव आसराबाईच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. आदिनाथनं 'राधाकिसन' टाकलं आणि कुलूप उघडलं. सगळ्यात वरच्या निरोपावर बोट टेकताच दुकानभर ठणठणीत आवाज घुमला, "अहो, ऐकणार तर न्हाईच तुमी, तरीबी सांगते. येतानी मेथी आणा. मागच्यावाणी गवार आणू नका."

त्या दिवशीही त्यानं गवारच आणली होती, आणि तिनं ती मुकाट्यानं निवडली होती. राधाकिसनला रडू आवरेना. जन्मभर सगळं पुसत आलेल्या माणसाला डोळे पुसायचं मात्र सुचलं नाही. त्यानं बहिणीच्या हातातली पिशवी घेतली आणि दुकानाची पायरी उतरला.

"दादा, कुठं चालला?"

"बाजार उठायच्या आत मेथी भेटती का पाह्यतो."