धूरसाहेबांची गाडी आणि पुंजाजींचा फेटा

"आज जीप घेऊन कुठंबी जायचं न्हाई," रुक्माबाईंनी चुलीपुढूनच बजावलं. "पावणे पॅशिंजरनं येऊन राहिले. ठेसनावर जीप उभी दिसली पायजे. जीप हाय म्हनून तर त्येंनी आपलं घर धरलं."

हे शेवटचं वाक्य अमृतरावांना लागलं, कारण ते खरं होतं. हिंगोली ते कळमनुरी भाड्यानं जीप चालवणाऱ्या अमृतरावांकडे मुलीला द्यायला दुसरं भूषण नव्हतं. सिंधूसाठी कुरुंद्याकडची दोन स्थळं येऊन गेली आणि चहा पिऊन परतली. हे तिसरं बोल्ड्याकडचं. मुलाचा बाप पुंजाजी मोठा मानाचा भुकेला. त्याची एकच अट होती: उन्हं डोक्यावर यायच्या आत मुलगी बघायची. त्यानंतर केलेलं कोणतंही शुभकार्य त्यांच्या घराण्याला लाभत नसे.

"मी काय खुळा हाय का?" अमृतराव म्हणाले. रुक्माबाई उठून बाहेर आल्या. पाहुण्यांसाठी जीपच्या बाकांवर नवीकोरी लाल चादर अंथरून त्या आत गेल्या.

खुळेपणा आदल्या संध्याकाळीच होऊन चुकला होता. चहाच्या हॉटेलात मुंबईचे काही साहेब उतरले होते, त्यांत दोन गोरेही. गळ्यात कॅमेरे, पायांत बूट आणि डोक्यात कोळशाचं इंजिन. पूर्णा-अकोला लाइनीवर त्यांनी खास गाडी काढली होती. अर्धे गाडीत बसणार होते आणि अर्धे रस्त्यानं तिचा पाठलाग करणार होते. "इथे रेल्वेच्या पुढे धावेल अशी जीप आहे का?" त्यांच्या म्होरक्यानं विचारलं आणि चारचौघांसमोर अमृतरावांच्या तोंडून निघून गेलं, "हाय की! माझी!" आता शब्द मागं घ्यायचा तर अब्रू जाते. अमृतरावांनी हिशेब बसवला: सकाळी साहेबांना फिरवायचं, पॅसेंजर यायच्या आत स्टेशन गाठायचं. त्यांचे सगळे हिशेब असेच बराबर बसत. फक्त पार पडत नसत.

सत्त्याहत्तर सालचा तो हिवाळा. मोठ्या लाइनींवर डिझेल इंजिनं आली होती. हिंगोलीच्या नशिबी अजून धूर होता. गाडी आली की बायका वाळत घातलेली धुणी ओढून घेत आणि लेकरांना घरात कोंडत. आणि ही माणसं त्याच धुरासाठी रजा काढून आली होती! सगळ्यांत पुढं तो म्होरक्या. तो दर थोड्या वेळानं "धूर चांगला मिळाला पाहिजे" म्हणे, म्हणून अमृतरावांनी मनातल्या मनात त्याचं बारसं केलं होतं: धूरसाहेब.

ठरल्याप्रमाणे अमृतराव सकाळी जीप घेऊन हॉटेलापाशी गेले आणि धूरसाहेब बुटांसकट लाल चादरीवर बसले. "ही मीटरगेजची सुंदरी आहे, अमृतराव. तुम्हाला किंमत नाही."

"न्हाई बा. आमाला फकस्त खोकला हाय."

बोल्ड्याच्या अलीकडं रूळ वळतो, तिथं सगळे उतरले. दोन गोरे हरभऱ्यात पोटावर पालथे पडले. शेताची मालकीण पारुबाई विळा घेऊन धावत आली. "अगं माय! साप चावला का त्येन्ला?"

"न्हाई, मावशे. फोटो काढून राहिले."

"कशाचा?"

"इंजिनाचा."

"मंग माझा हरभरा काहून मोडून राहिले?" पारुबाईनं विचारलं.

खास गाडी आली आणि मध्येच थांबली. आतले साहेब भराभर उतरून शेतात पांगले. मग ती रिकामी गाडी मागं मागं जात वळणाआड दिसेनाशी झाली.

"गाडी परत काहून चालली?" अमृतरावांनी विचारलं.

"पुन्हा येईल. वेगात, धूर सोडत. मग आम्ही फोटो घेणार."

"आत्ताच आली की!"

"तेव्हा आम्ही आत होतो ना! आत बसल्यावर गाडी दिसते का?"

अमृतरावांनी बिडी पेटवली. गाडीत बसायला खर्च करायचा, मग ती दिसत नाही म्हणून उतरायचं, तिला मागं पाठवायचं आणि ती आली की टाळ्या पिटायच्या. रुक्माबाई आपल्याला खुळा म्हणते, तिला एकदा इथं आणायला हवं होतं.

गाडी मागं गेली ती वळणापलीकडच्या फाटकापर्यंत. आता त्या भागाचा जुना रिवाज असा, की स्टेशनापर्यंत पायपीट कोणी करत नाही. फाटकापाशी गाडी हळू झाली की चढायचं. खास गाडीपायी पॅसेंजर कुठंतरी अडकून पडली होती आणि फाटकावर माणसं सकाळपासून ताटकळत होती. समोर गाडी आली, थांबली, वर डबे रिकामे. कोण सोडतो?

शिट्टी झाली. काळाकुट्ट धूर आभाळात चढला. धूरसाहेब डोळ्याला कॅमेरा लावून पुटपुटले, "वा! वा! वा..." आणि तिसऱ्या 'वा'ला त्यांचा आवाज चिरकला. प्रत्येक खिडकीतून मुंडाशी, पदर, गाठोडी बाहेर आली होती. एका दारातून शेळी डोकावत होती.

"आत माणसं कशी?" धूरसाहेब किंचाळले.

"गाडीत माणसंच असत्यात, साहेब."

"सगळी फ्रेम घालवली! मागे घ्या! पुन्हा!"

अमृतरावांची बिडी मात्र तोंडातच विझली. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत एक गुलाबी फेटा होता, आणि अख्ख्या तालुक्यात तसा फेटा एकच माणूस बांधी. पुंजाजी! शेजारी पांढऱ्या टोपीतला नवरदेव, जळबा.

ते झटकन बाभळीआड झाले. पाहुण्यांनी आपल्याला ह्या येड्यांच्या टोळीत बघितलं तर सोयरीक संपली. हरकत नाही, त्यांनी नवा हिशेब मांडला. गाडी कशीही हिंगोलीलाच जाणार. आपण आधी निघू, स्टेशनावर उभं राहू.

"साहेब, झालं न्हवं? चला की."

"झालं कुठे? त्या लोकांना डोकी आत घ्यायला सांगा. ड्रायव्हर! धूर कमी पडतोय!"

गाडी मागं गेली. गाडी पुढं आली. ह्या खेपेला पुंजाजी अर्धे खिडकीबाहेर होते, हात जोरजोरात हलत होते, तोंड उघडं होतं. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू आला नाही, पण अमृतरावांना तो ऐकायची गरजच नव्हती. तशा वेळी आपण काय बोललो असतो, हे त्यांना पाठ होतं.

"पुन्हा!" धूरसाहेब म्हणाले.

गाडी पुन्हा मागं गेली, पुन्हा पुढं आली. फेटा आता गुलाबी नव्हता. जळबाची टोपी कोणत्या रंगाची म्हणावी, हेही सांगता येईना. उन्हं वर चढत होती. हे लोक असेच मागं-पुढं झुलत राहिले तर मुलगी बघायची वेळ बोल्ड्याच्या वळणावरच टळणार. एवढ्यात पुंजाजींची नजर बाभळीवर पडली आणि त्यांनी खिडकीतून थेट अमृतरावांच्या छातीकडं बोट रोखलं.

आता लपण्यात अर्थ नव्हता. गाडी चौथ्यांदा मागं गेली तेव्हा अमृतरावांनी जीपमधली लाल चादर ओढली आणि रुळांत उभे राहून, वळणावरून इंजिन दिसताच, ती डोक्यावर गरगर फिरवली. ब्रेक किंचाळले. धूर थांबला. धूरसाहेबांच्या हयातीतला सर्वोत्तम फोटो तिथंच मेला.

"अहो, तुम्ही माणूस आहात का कोण?" धूरसाहेब ओरडले.

"पोरीचा बाप हाय," अमृतराव म्हणाले. ड्रायव्हरच्या शिव्या खाली मान घालून ऐकून घेतल्या, पुंजाजी-जळबाला जीपमध्ये बसवलं आणि साहेबांना त्यांच्या लाडक्या सुंदरीच्या हवाली करून जीप हाणली.

वाटेत पुंजाजींच्या काळ्या तोंडात फक्त डोळे हलत होते. अमृतरावांनी मनातल्या मनात तिसरंही स्थळ पुसून टाकलं.

दारात दोन काळी माणसं पाहून रुक्माबाई आतूनच म्हणाल्या, "कोळसा नको! मागल्या दारी जा!"

"अगं, पावणे हायेत!"

पोह्याची ताटली घेऊन सिंधू बाहेर आली. रीतीप्रमाणे तिनं मान खाली घालायला हवी होती. पण समोर नवरा कोण आणि सासरा कोण, हेच तिला कळेना. ती आत वळली आणि तांब्या-घमेलं घेऊन आली. "तोंड धुवून घ्या," ती जळबाला म्हणाली, "मंग बघू."

आणि खरंच बघितलं. काळं पाणी घमेल्यात उतरत गेलं, खालून एक बरा, जरा लाजरा चेहरा निघाला. सिंधूनं तो नीट न्याहाळला, मान हलवली आणि पोहे पुढं केले. मुलगी बघायला आलेल्या जळबानं मान खाली घालून ते घेतले.

मग पुंजाजींनी खाकरून घशातला कोळसा बाजूला केला. अमृतरावांनी डोळे मिटले.

"अमृतराव," पुंजाजी म्हणाले, "असा मान आमाला जल्मात कुनी दिला न्हाई."

"आं?"

"इतके साहेबलोक, त्यात दोन गोरे! आमाला बघायसाठी अख्खी गाडी मागं घेऊन राहिले. एकडाव न्हाई, चारडाव! म्या खिडकीतून रामराम करून करून थकलो. तुमच्याकडं बोट दावून जळब्याला म्हनलं, बघ, हे काम त्येंचंच. व्हय का न्हाई?"

खरं बोलायची हीच वेळ होती. अमृतरावांनी ती नेहमीप्रमाणे वाया घालवली. "व्हय तर! म्या साहेबाला सांगूनच ठेवलं व्हतं, आमचे पावणे येऊन राहिले, बराबर मान राखा."

"मंग पोरगी पसंत," पुंजाजी म्हणाले. "हुंडा नको, काय नको. वरात तुमच्याच जीपमंदी. फकस्त ती तशीच काढायची. पारापुढून म्होरं न्यायची, मागं आणायची, पुना म्होरं. चारडाव. गावानं बघितलंच न्हाई, असं व्हायला नको."

लग्न झालं. रखरखत्या उन्हात अमृतराव मान वळवून जीप मागं घेत होते, पुढं नेत होते, पुन्हा मागं घेत होते. पारावर पुंजाजींची भावकी टाळ्या पिटत "पुना! पुना!" म्हणून ओरडत होती. नवरानवरी एकमेकांकडं बघून हसत होते.

"खुळी मानसं," अमृतराव दात खाऊन म्हणाले.

"तर काय," शेजारी बसलेल्या रुक्माबाईंनी तोंडाला पदर लावला. जीप चौथ्यांदा वरातीवर भसाभसा धूर सोडत निघाली होती. तो मात्र कोणालाही मागावा लागला नव्हता.