टाळीप्रमुख

गाणं सुरू झालेलं कोणालाही कळतं. संपलेलं कळणारी माणसं मात्र प्रत्येक गावात मोजकीच असतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती नेमकी परगावी गेलेली असतात. शास्त्रीय संगीताचा प्रसार का खुंटला याची विद्वानांनी नाना कारणं दिली आहेत. खरं कारण एवढंच, की हे संगीत मध्येच थांबतं. (साधी गाणी थांबली की संपतात. असा सरळपणा लोकांना आवडतो.)

आमच्या गावच्या संगीत प्रसारक मंडळाने आपल्या वार्षिक शास्त्रीय गायन व ऑर्गनवादन सभेपुरता हा प्रश्न कायमचा निकालात काढला आहे. इतर गावांच्या माहितीसाठी ती हकिगत इथे देत आहोत.

सभा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरते. तिथे भिंतभर उंचीचा एक ऑर्गन आहे. त्याचा भाता मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी ठेवलेला आहे. या वाद्याची खासियत अशी, की वाजवणाऱ्याने बोटं उचलली तरी भात्यातला उरलासुरला वारा नळ्यांमधून बराच वेळ सुस्कारत राहतो. तो सुस्कारा संगीतात धरायचा की दुरुस्तीच्या कामात, यावर मंडळात दोन तट आहेत. गाणारे सगळे गावातलेच. साथीला ऑर्गनवर दातांचे डॉक्टर बसतात, कारण समोरच्याने तोंड उघडल्यावर धीर न सोडण्याचा अनुभव गावात फक्त त्यांनाच आहे.

आता मूळ विषय. बाजारपेठेत ज्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि म्हणून ज्यांना बायको सोडून सगळे 'चष्मेवाले' म्हणतात, त्या गृहस्थांच्या पत्नी मागच्या वर्षी सभेत पहिल्यांदा गायल्या. बाई पोस्टात पार्सलच्या खिडकीवर असतात. गाण्याची तयारी त्यांनी आठ महिने केली होती. चष्मेवाले दुकानात असताना, कपडे धुण्याच्या यंत्राच्या घरघरीत, कोणाला त्रास नको म्हणून. गाणं दोन भागांचं होतं. पहिला भाग संथ, मग एक लांब थांबा, आणि मग दुसरा भाग. पहिला भाग रचला होता तोच मुळी दुसऱ्यासाठी.

बाई पहिला भाग सुरेख गायल्या आणि ठरल्याप्रमाणे थांबल्या. चष्मेवाल्यांचा ऊर भरून आला. त्यांनी टाळी वाजवली.

एका हाताने टाळी वाजत नाही हे खरं आहे, पण एका माणसाने वाजवली की तीनशे जणांची वाजते हेही तितकंच खरं. या बाबतीत मंडळाने पूर्वीच पाहणी केलेली आहे. शंभरातले सत्तर श्रोते टाळीआधी शेजाऱ्याकडे बघतात, वीस जण पुढच्याच्या मानेकडे बघतात आणि उरलेले दहा डोळे मिटून बसतात. (या दहा जणांना मंडळ 'दर्दी' म्हणतं. त्यांपैकी चार घोरतात.) तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, डॉक्टरांनी वही मिटली, आणि बाई लवून नमस्कार करून खाली उतरल्या. दुसरा भाग त्यांच्या गळ्यातच राहिला.

चष्मेवाल्यांना हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. स्वयंपाकघरातून हलक्या आवाजात काहीतरी ऐकू येत होतं.

"अगं, हे नवीन वाटतं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "कालचंच आहे. उरलेलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. राग निवतो. त्या रागावल्या नाहीत, "तुम्हाला आवडलं ना, मग झालं," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून घरात गाईनाशा झाल्या. रियाज करायचा तर आपल्या आईच्या घरी जाऊन करायच्या. चष्मेवाल्यांना वर्षभर घास गोड लागला नाही. या वर्षी बाईंनी पुन्हा तेच गाणं द्यायचं ठरवल्याचं त्यांना मंडळाच्या फलकावरून कळलं, आणि त्यांनी मनाशी ठरवलं, की जगबुडी झाली तरी आपण हात हलवायचा नाही. बायकोने एकदा तरी ते गाणं शेवटपर्यंत म्हणावं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती.

आणि नेमक्या याच सुमारास मंडळाने त्यांना टाळीप्रमुख नेमलं.

मंडळाचा तर्क निर्दोष होता. मागच्या वर्षी गाणं कधी संपलं हे तीनशे जणांत फक्त एका माणसाला कळलं. इतरांनी त्याच्यामागून टाळ्या वाजवल्या, म्हणजे त्याचं बरोबर असणार. चुकीची टाळी नेहमी एकट्याची असते. सगळ्यांनी वाजवली की तिला दाद म्हणतात. मंडळाचे अध्यक्ष (हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, कोणतीही गोष्ट पुरेशा दाबाने पुढे सरकते यावर त्यांची श्रद्धा आहे) स्वतः दुकानात आले.

"साहेब, मी चुकलो होतो हो," चष्मेवाले काकुळतीने म्हणाले.

"बघा! अंगी विनयसुद्धा आहे," अध्यक्ष म्हणाले. "जाणकार माणूस असाच बोलतो. नाव छापून झालंय तुमचं."

नियम असे ठरले. टाळीप्रमुख पहिल्या रांगेत मध्यभागी बसतील. त्यांच्या आधी कोणीही टाळी वाजवणार नाही. त्यांच्यानंतर प्रत्येकाने वाजवलीच पाहिजे, आणि ती लगेच. रेंगाळलेली टाळी म्हणजे वरातीमागून घोडं. खोकला टाळीच्या आत उरकावा. कलाकारांच्या नातेवाइकांनी भावना आवराव्यात. (टाळीप्रमुख स्वतःच एका कलाकाराचे नातेवाईक आहेत, हे एका सभासदाने निदर्शनास आणलं. त्यावर, ते पदसिद्ध असल्यामुळे त्यांना भावना नाहीत, असा खुलासा करण्यात आला.)

आता गाणं नक्की संपतं कुठे, हे बायकोलाच विचारावं असं चष्मेवाल्यांच्या मनात आलं. रात्री जेवताना त्यांनी धीर करून विचारलंही.

"संपलं की कळेल तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या.

मग ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी हसून त्यांच्या पाठीवर थाप मारली. "त्यात काय अवघड आहे? माझ्या हातांकडे बघा. हात पट्ट्यांवरून वर उचलला, की संपलं समजायचं." चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. कृतज्ञता म्हणून त्यांनी डॉक्टरांना एक नवा चष्मा अर्ध्या किमतीत बनवून दिला.

सभेच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. चष्मेवाले आपल्या जागी बसले. शेजारी त्यांच्या सासूबाई होत्या. सुरुवात डॉक्टरांच्याच एकल वादनाने झाली. वादन ऐन रंगात येत होतं, तेवढ्यात डॉक्टरांचा उजवा हात पट्ट्यांवरून उठून नाकापर्यंत गेला. चष्मेवाल्यांनी टाळी वाजवली. सभागृहाने नियमाचं पालन केलं. डॉक्टर चमकले, पण तीनशे माणसं टाळ्या वाजवत असताना अजून बाकी आहे असं सांगणं उद्धटपणाचं दिसतं, म्हणून उठून लवले. मग शिक्षिकांचं समूहगान दुसऱ्या ओळीला संपलं. निवृत्त न्यायाधीशांनी पहिला सूर लावायला तोंड उघडलं होतं. टाळ्या पडल्यावर ते तसंच उघडं घेऊन ते खाली आले. श्रोते खूष होते. शास्त्रीय संगीत इतकं आटोपशीर असतं याची त्यांना कल्पना नव्हती. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि दाब बरोबर असल्याची खूण केली.

मध्यंतरात डॉक्टर टाळीप्रमुखांना शोधत आले.

"अहो, हा तुमचा चष्मा सारखा घसरतोय," ते म्हणाले. "मध्ये मध्ये हात उचलून वर सारावा लागतो."

चष्मेवाल्यांना आता सगळा उलगडा झाला. त्यांनी चष्मा हातात घेतला आणि कानामागच्या काड्या बोटांनी वाकवायला सुरुवात केली. वीस वर्षांत त्यांच्या हातून काडी तुटली नव्हती. ती तुटली.

"असू दे," डॉक्टर समजुतीने म्हणाले. "वहिनींचं गाणं मला पाठ आहे. मागच्या वर्षी अर्धंच वाजवायला मिळालं, वर्षभर हुरहूर लागून राहिली होती. पट्ट्या दिसल्या नाहीत तर वाकून वाजवीन." आणि ते ऑर्गनवर इतके वाकले, की त्यांचे हातच काय, डोकंही दिसेना. दिसत होती ती फक्त पाठ. पाठीवरून गाणं कुठवर आलं हे सांगणारा जाणकार अजून जन्माला यायचा आहे.

बाई उभ्या राहिल्या. सासूबाईंनी आपली भलीमोठी पिशवी जावयाच्या मांडीवर ठेवली.

"जावईबापू, दोन्ही हातांनी धरा," त्या म्हणाल्या. "घट्ट धरा."

पहिला भाग झाला. थांबा आला. तीनशे माणसं चष्मेवाल्यांकडे बघू लागली. अध्यक्ष मान पुढे काढून बघू लागले. बाईंनीही एकदा बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते चष्मेवाल्यांना जन्मभर विसरता येणार नाही. त्यांनी पिशवी अशी आवळली, की आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

आणि मग बाईंनी दुसरा भाग सुरू केला.

तो या गावात यापूर्वी कोणी पुरता ऐकलेला नव्हता. ऐकला होता फक्त सासूबाईंनी, आणि त्याआधी धुण्याच्या यंत्राने. डोळे तपासताना काचा बदलत बदलत शेवटची काच बसते आणि माणूस एकदम "हां!" म्हणतो, तसं चष्मेवाल्यांना झालं. आपली बायको पार्सलं तोलते, भाजी निवडते, विजेचं बिल भरते, आणि हेही करते, हे त्यांना लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळत होतं. ते रडत होते. पदसिद्ध असूनही रडत होते.

आवाज थांबला. ऑर्गन सुस्कारत राहिला.

हा थांबा होता की शेवट? चष्मेवाल्यांना कळेना. तिसरा भाग असला तर? टाळीप्रमुख हलले नाहीत, म्हणून कोणीच हललं नाही. सुस्कारा विरला. खोकला आलेल्यांनी तो गिळला. अध्यक्षांनी, आपल्याला काहीतरी उच्च कळत असावं अशा शंकेने, डोळे मिटून घेतले. ते बघून दुसऱ्या रांगेने डोळे मिटले, मग तिसरीने. मागे कोणीतरी हुंदका दिला. (चौकशीअंती सर्दी निघाली.) अशी शांतता त्या सभागृहात वाचनालयाच्या वेळेतही कधी झालेली नाही.

बाई वाट बघून बघून थकल्या. शेवटी एक पाऊल पुढे आल्या आणि घरातल्या आवाजात म्हणाल्या,

"अहो, संपलं."

चष्मेवाले ताडकन उठले. पिशवी पडली, किल्ल्या, औषधाच्या बाटल्या आणि मोडलेली फणी पहिल्या रांगेत पसरली. त्यांच्या टाळ्यांमागून सभागृहाने टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी नियमाची आठवण कोणाला करून द्यावी लागली नाही.

दोघं घरी निघाले.

"मी कधीची उभी होते तिथे," बाई म्हणाल्या. "टाळी का नाही वाजवलीत?"

"मला वाटलं, अजून आहे."

"आणि नसलं तर?"

"असावं, असं वाटत होतं गं."

 दाराचं कुलूप काढता काढता बाई शेवटची ओळ गुणगुणल्या, आणि आत गेल्यावरही थांबल्या नाहीत.

मंडळाने त्या शांततेची रीतसर दखल घेतली आहे. 'निःशब्द दाद' हा प्रकार पुढील वर्षापासून सर्व कलाकारांना सक्तीने दिला जाईल. गाणं संपल्यावर कोणीही हलायचं नाही. कलाकाराने स्वतः पुढे येऊन "संपलं" असं जाहीर केल्यावरच श्रोत्यांना दाद देता येईल. टाळीप्रमुखांचं पद कायम करण्यात आलं असून त्यांना एक पिशवी देण्यात येणार आहे. शेजारच्या गावाने नियमांची प्रत मागवली आहे. डॉक्टर आता दाढ काढल्यावर रुग्णाला "संपलं" असं सांगतात आणि तोवर रुग्ण ओरडत नाहीत.

अर्थात, हा शेवटचा परिच्छेद वाचण्याची काही गरज नव्हती. गोष्ट मघाशी, बाईंनी कुलूप काढलं तिथेच संपली होती. जाणकार वाचक तिथेच थांबले. आपण इथवर आलात, कारण कोणी सांगितलं नाही. असो. आता शेजारी बघू नका.

संपलं हो.