भरमाण्णांची वेगळी चूल

आमच्या शेजारचे भरमाण्णा दारात आले आणि आपण चहा पुढे केला, तर ते लगेच कप हातात घेत नाहीत. आधी विचारतात, "कुणासाठी केलतासा?" तुमच्यासाठीच केला म्हटलं, तर "मुद्दाम करावा असं मी काय केलंय?" म्हणून कप परत. उरला होता म्हटलं, तर शांतपणे बसतात, बशीत ओततात आणि म्हणतात, "मग बसतंय नियमात." त्यामुळे आमच्या घरी भरमाण्णांसाठी चहा नेहमी जपून उरवावा लागतो.

मुलांनो, मागच्या खेपेला आलात तेव्हा तुम्ही त्यांना पाहिलंय. तुम्ही 'गुड मॉर्निंग' म्हणालात तेव्हा मनगटावरच्या घड्याळात बघून, बारा वाजायचे आहेत याची खात्री करून मगच उत्तर देणारे आजोबा, तेच भरमाण्णा. निपाणीच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. कंट्रोलर म्हणजे कुठली गाडी कधी सुटायची ते ठरवणारा आणि ते माइकवरून सगळ्या गावाला ऐकवणारा माणूस. सगळा जन्म वेळापत्रकात गेला आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताशी गाड्या राहिल्या नाहीत, नुसते नियम राहिले.

भरमाण्णांचं लग्न झालेलं नाही. त्यामुळे एखाद्या पत्रिकेवर 'सहकुटुंब येण्याचे करावे' असं छापलेलं असलं की ते जात नाहीत. "कुटुंबच न्हाय, मग हे आमंत्रण आमाला लागू कसं?" गल्लीतल्या एका लग्नात तर मुलीचा बाप पेन घेऊन त्यांच्या घरी आला, 'सहकुटुंब' खोडून 'एकट्याने' असं लिहून गेला, तेव्हा हे जेवायला आले. ज्येष्ठ नागरिक झाले त्या दिवशी ते बेळगावच्या गाडीत ज्येष्ठांच्या राखीव जागेपाशी उभेच राहिले. कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "अण्णा, आज वाढदिवस न्हवं? बसा की!" भरमाण्णा म्हणाले, "माझा जलम दिवस मावळतीचा. अजून वेळ हाय." आणि दुपारच्या गाडीत दांडीला धरून बेळगावपर्यंत गेले.

त्यांच्या घरात त्यांच्यासोबत त्यांची थोरली बहीण राहते, चंद्राक्का. लग्नानंतर थोड्याच काळात त्यांचा नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या. तंबाखूच्या वखारीत पानं निवडून त्यांनी या भावाला शिकवलं. त्यांचं शिक्षण अक्षरओळखीपुरतं, पण भरमाण्णांना गप्प करू शकणारं या गल्लीत दुसरं कुणी नाही. ते नियम सांगायला लागले की त्या एवढंच म्हणतात, "जेव आधी."

गेल्या पावसाळ्यानंतर चंद्राक्का आमच्या पायरीवर थांबायला लागल्या. बाजारातून येताना चढ आहे ना, तिथे. "काय न्हाय बाई, जरा वारा घेतो," म्हणायच्या. मग त्यांच्या पायांना सूज आली आणि भरमाण्णा त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथून बेळगाव. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप खराब झाली आहे, ती बदलावी लागेल आणि फार थांबू नका.

झडप बदलायचा खर्च सरकार देतं, पण सगळ्यांना सारखा देत नाही. इथे सगळं रेशनकार्डावर चालतं. गरिबाचं बीपीएल कार्ड असेल तर सरकार सगळा भार उचलतं, बाकीच्यांचा थोडाच. आणि सरकारी पेन्शन घेणारा माणूस ज्या घरात आहे, त्या घराला बीपीएल कार्ड मिळत नाही. चंद्राक्कांच्या नावावर काही म्हणजे काही नाही, पण त्यांचं नाव होतं भरमाण्णांच्या कार्डावर. म्हणजे भावाच्या पेन्शनीमुळे बहीण अपात्र. घर तर दोघांच्या वडिलांचं, जुनं, विकून निम्मी झडपही आली नसती.

गल्लीतल्या लोकांनी उपाय सांगितला. आक्कांचं वेगळं कार्ड काढा, आजारपणाचा अर्ज असला की लवकर बघतात. कार्डासाठी वेगळी चूल लागते, तर साहेब तपासायला येईल त्या दिवशी एक स्टोव्ह मांडून ठेवा.

"मांडून ठेवा म्हंजे?" भरमाण्णांनी विचारलं. "एका दिसासाठी?"

"मग काय जलमभर? सगळेच करत्यात, अण्णा."

"मी न्हाय करणार. खोटं न्हाय लिवणार."

 हा माणूस तत्त्वापायी बहीण घालवून बसतो की काय, असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरात ठोकाठोक सुरू झाली. भरमाण्णांनी घराचे खरोखरच दोन भाग केले. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मोठा दरवाजा आक्कांना. मागची, पूर्वी म्हैस बांधायची ती खोली स्वतःला; तिला बोळातून दार आहे. मधल्या दाराला कडी घातली आणि तिच्यासमोर ज्वारीचं पोतं उभं केलं. वेगळं राहायचं तर खरंच वेगळं राहायचं.

तालुक्याच्या कचेरीत मी त्यांच्याबरोबर गेले होते. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "काय काम होतं?" भरमाण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्या गावाला माइकवरून गाड्या ऐकवणारा माणूस, पण त्याचा आवाज फुटेना. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमीच सांगा. आक्काचं नाव कमी करा असं माझ्या तोंडानं न्हाय निघत."

मग सुरू झाला त्यांचा संसार. रोज दुपारी बोळातून करपल्याचा वास यायचा आणि तव्यावरून काहीतरी खरवडल्याचा आवाज. भाकरी त्यांनी कधी थापली नव्हती. पलीकडे आक्का चुलीपाशी बसून हाका मारायच्या, "भरमू, पाणी गरम घे रं! गार पाण्यात पीठ मळतोयास व्हय?" इकडून उत्तर यायचं, "दुसऱ्या कुटुंबानं आमच्या सैपाकात बोलायचं न्हाय!" एकदा आक्कांनी खिडकीतून भाजीची वाटी पुढे केली, तर यांनी ती हात न लावता परत पाठवली. आक्का दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्या दारात आल्या. "बघा की बाई! माझ्या हातचं खाऊन एवढा मोठा झाला आणि आता वाटी परत देतोय!"

मी भरमाण्णांना म्हटलं, अहो, शेजारी वाटी देतात-घेतात, त्याने चूल एक होत नाही. ते म्हणाले, "व्हय, पण मला एकदा सवय लागली तर मी रोज खाईन. आपल्याला आपली सवय म्हाईत असती." या माणसाचं वजन उतरायला लागलं होतं.

तपासणीचे साहेब आले ते ऐन दुपारी. तरुण होते, घामाघूम झालेले, कानडी माणूस पण मराठी बोलणारे. त्यांनी पहिला प्रश्न कानडीत केला, "ओले यल्ली?" चूल कुठे आहे? भरमाण्णांनी त्यांना आक्कांची चूल दाखवली, मग बोळातून वळसा घालून आपली दाखवली. दोन सिलिंडर दाखवले. दोन पाण्याची पिंपं दाखवली. पुरावा म्हणून सकाळची भाकरीही दाखवली. साहेबांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि जपून खाली ठेवली.

एवढ्यात भिंतीपलीकडे आक्कांना खोकला आला. भरमाण्णा बोलता बोलता थांबले, भिंतीला कान लावला आणि ओरडले, "आक्का, दुपारची गोळी घेतलीस काय?"

साहेबांनी हातातला कागद मिटला. "अज्जा," ते म्हणाले, "मी लई वाटण्या बघितल्या. वेगळी झालेली माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कोर्टात जातात. अंगणात मधोमध भिंत घालतात. तुमच्यात भांडण कुठे आहे?"

मी भरमाण्णांकडे बघितलं. आता एक शब्द खोटा बोलला तर काम होणार होतं. भरमाण्णा म्हणाले, "भांडण न्हाय, साहेब. करून बघितलं. जमलं न्हाय."

"मग वेगळं कशाला झालात?"

"तिच्या झडपेसाठी. माझ्या कार्डावर ती बसत न्हाय म्हणून. पन आमी खरंच वेगळं ऱ्हातोय. आणि ह्यापुढं बी ऱ्हानार. भांडण पायजे असं कलम असंल तर दाखवा, मी अर्ज मागं घेतो."

 मग साहेब माझ्याकडे वळले. शेजाऱ्याचा जबाब लागतो. "मॅडम, हे खरंच वेगळं जेवतात?" मी म्हटलं, "रोज दुपारी वास येतो, साहेब. शंकाच नको."

तेव्हा मोठ्या दरवाज्यातून चंद्राक्का दम घेत घेत बोळात आल्या. भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. "भांडण पायजे न्हवं तुमाला? हाय की भांडण! ह्यो माझ्या हातचं खाईना झालाय. उपाशी वाळायला लागलाय. मला काय व्हायचं ते हू दे, पन ह्याला आधी जेवायला सांगा. तवर मी ह्याच्यासंगं बोलणार न्हाय!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी आक्कांच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं, पेन काढलं आणि तिथेच, बोळातल्या दगडावर कागद ठेवून लिहिलं. जाताना म्हणाले, "कलमात भांडण नाही, अज्जा. चूल वेगळी आहे, आक्कांना उत्पन्न नाही. बस."

कार्ड झालं. निपाणीच्या दवाखान्याने बेळगावसाठी पत्र दिलं. ऑपरेशनच्या दिवशी भरमाण्णा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. बऱ्याच वेळाने दार उघडून नर्सने विचारलं, "चंद्राबाईंच्या घरचं कोण आहे?"

भरमाण्णा उठले नाहीत. मला कोपराने ढोसून हळूच म्हणाले, "बाई, तुमी उठा. मी घरचा न्हाय आता. कार्डावर ती एकटीच हाय."  मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं आणि नर्सला म्हटलं, "हे त्यांचे धाकटे भाऊ." नर्स म्हणाली, "छान झालंय सगळं. शुद्धीवर आल्यावर बघायला या." भरमाण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ टोपीची घडी नीट करत राहिले.

चंद्राक्का घरी आल्या त्या दिवशी त्यांना आमच्या गाडीने आणलं. मोठ्या दरवाज्यापाशी गाडी थांबवली. पण त्या उतरल्या आणि सरळ बोळात वळल्या. हळूहळू चालत भावाच्या खोलीत शिरल्या, त्याच्या खाटेवर बसल्या.

भरमाण्णा दारातच अडखळले. "आक्का, तुझं दार तिकडं हाय. कुणी तपासायला आलं म्हंजे?"

"पाव्हणी आलीया म्हणून सांग," आक्का म्हणाल्या. "दमलो रं. पाणी तरी देशील का न्हाय?"

आमच्याकडे दारी आलेल्या पाहुण्याला आधी गूळ-पाणी देतात. भरमाण्णांनी डबा शोधला, गुळाचा खडा काढला, बशीत ठेवला, तांब्या भरला. खाली बसून बशी आणि तांब्या बहिणीपुढे ठेवला.  मग पाहुण्यांना विचारतात तसं, पण तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "किती दिस ऱ्हानार?"

आक्कांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. "हाय की," त्या म्हणाल्या. "लई दिस हाय अजून."