बाबांचं बोट आणि माझी वही

मी वर्गात हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी नाही. पण घरातली एखादी गोष्ट मनावर घेतली, की ती तडीस नेल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाबांची साखर मी अशीच मनावर घेतली आणि तिथून सगळं सुरू झालं.

बाबा शिंपी आहेत. दिवसभर मशीनवर बसून असतात आणि चार वाजले की गोड चहाबरोबर क्रीमच्या बिस्किटांचा एक पुडा संपवतात. ("लहान पुडा असतो," असं ते म्हणतात. तो लहान नसतो.) मागच्या तपासणीला मीही बरोबर गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधुमेह अजून झालेला नाही. पण तुम्ही अगदी सीमेवर आहात."

"म्हणजे आत गेलो नाही ना अजून," बाबा म्हणाले.

"एक पाय आत आहे. चार वाजताचं खाणं बदला, रोज चाला. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू. आकडा वाढला तर औषध सुरू."

बाबांचा चेहरा उतरला. आजोबांच्या मधुमेहाच्या औषधांचा डबा दहा वर्षं त्यांनीच भरला होता. घरी येतानाच मी ठरवलं, की तो आत गेलेला पाय मी बाहेर ओढणार.

संध्याकाळी मी घर आणि दुकान धुंडाळून सगळं गोड जप्त केलं. बिस्किटं, जॅमची बाटली, आणि माप देताना रडणाऱ्या मुलांसाठी बाबा ठेवतात ती संत्र्याच्या टॉफ्यांची मोठी बरणी. सगळं माझ्या टेबलाच्या खणात, कुलपात.

"आणि मुलं रडली तर?" बाबांनी विचारलं.

"रडू देत. रडल्यानं साखर वाढत नाही."

"मुलगी आहे की जकात नाका," आई म्हणाली.

मी एक वही आखली. तारीख, खाणं, दोन तासांनंतरचा आकडा, शेरा. चार वाजताच्या डब्यात भाजलेले शेंगदाणे, काकडी किंवा उकडलेलं अंडं. चहा बिनसाखरेचा. बरोबर सहाला मी साखर मोजायचं यंत्र घेऊन दुकानात जायची. बाबांना साबणानं हात धुवायला लावायचे, बोट पुसायचं, टोचायचं, थेंब येईपर्यंत दाबायचं आणि पट्टीला लावायचं, हे सगळं माझं काम. कारण शिवताना सुई बोटात घुसली तर बाबा वरसुद्धा बघत नाहीत, पण या यंत्राची इवलीशी सुई दिसली की डोळे घट्ट मिटून हात पुढे करतात.

(जप्तीचा माल वाया जाऊ नये म्हणून घरून निघताना खणातली एक टॉफी मी तोंडात टाकत असे. उकाड्यानं त्या पाघळल्या होत्या. कागद नखानं खरवडून काढावा लागे. कधी एक, कधी तीन.)

पहिल्या दिवशी शेंगदाणे. आकडा १८८. मी शेरा लिहिला, 'लक्ष ठेवणे'. दुसऱ्या दिवशी काकडी, २०४. 'संशयास्पद'. तिसऱ्या दिवशी अंडं, २२१. 'अति संशयास्पद'.

"बाबा, अंड्यानं साखर एवढी वाढत नाही."

"मला काय विचारतेस? कोंबडीला विचार."

मी तपास सुरू केला. बटणांचे डबे उघडले. मशीनचा खण पाहिला. शिवायला आलेल्या विजारींचे खिसेही उलटे केले (एकात दाढीचं ब्लेड निघालं, ते परत केलं). शेवटी समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्या काकांकडे गेले. त्यांना बाबांचं मशीन थेट दिसतं.

"काका, बाबा चार ते सहा काय खातात?"

"शिव्या," काका म्हणाले. "गिऱ्हाइकांच्या. कपडे वेळेवर देतो का तो?"

शनिवारी मी स्वतःच पहाऱ्याला बसले. चार ते सहा, स्टुलावर, बाबांच्या तोंडावर नजर रोखून. (दोन तास काढायचे म्हणून खिशात मूठभर टॉफ्या होत्या.) बाबांनी नुसता बिनसाखरेचा चहा घेतला. सहाला मी मोजलं. २३६.

बाबांनी डोळे उघडले आणि आकड्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मी खरंच काही खात नाही गं," ते म्हणाले. "तुला खरं वाटत नाही, ते एक वेळ चालेल. पण मग हे वाढतंय कशानं?"

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि हळूहळू गुंडाळली. त्या दिवशी शेऱ्याची जागा मी कोरी ठेवली. तीन महिने थांबण्यात आता अर्थ नव्हता. सोमवारी शाळा सुटल्यावर मी बाबांना ओढतच दवाखान्यात नेलं.

तिथे अर्धा तास बाकावर बसावं लागलं. (धीर यावा म्हणून दोन टॉफ्या.) मग सिस्टरबाईंनी माझी वही वाचली आणि म्हणाल्या, "तू कसं मोजतेस ते दाखव बघू."

मी दाखवलं. २२९.

त्यांनी बाबांचं दुसरं बोट पुसलं आणि आमच्याच यंत्रावर स्वतः मोजलं. ११६. मग त्यांच्या यंत्रावर. ११८.

"हात धुतलेस?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी धुतले ना."

"मी तुला विचारतेय."

त्यांनी माझा हात धरला, बोटं उजेडात फिरवली आणि वास घेतला. "संत्रं?"

मी खिशात हात घातला. पाच कागद निघाले. सहावा बोटालाच चिकटून बाहेर आला.

"अगं, तुझ्या बोटांची साखर त्या थेंबात जातेय," सिस्टरबाई म्हणाल्या. "यांची साखर मोजलीच कुठे तू?"

बाबांनी एक डोळा उघडला. "म्हणजे इतके दिवस आपण टॉफी मोजत होतो," ते म्हणाले.

मी तिथेच साबणानं दोन वेळा हात धुतले. बाबांनी आपला रुमाल पुढे केला आणि म्हणाले, "उद्या सहाला ये. उशीर नको."

मी गेले. रोज गेले. आता आधी माझे हात, मग त्यांचे. शेंगदाणे राहिले, काकडी राहिली, रात्रीचं चालणं सुरू झालं. तीन महिन्यांनी रक्ताचा आकडा खाली आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाची गरज नाही, हेच चालू ठेवा. त्या आठवड्यात बाबांनी स्वतःच्या विजारीची कंबर एक इंच आत घेतली, आणि ती चष्मेवाल्या काकांना दोनदा दाखवली.

त्याच आठवड्यात माझ्या शाळेच्या स्कर्टचा हूक लागेना. धुतल्यावर कापड आटलं असणार, असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी टेप लावली, कानावरचा खडू काढून खूण केली आणि शांतपणे माझी वही मागितली. मी आखलेल्या रकान्यांत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं:

खाणं: टॉफी, एक बरणी. आकडा: कंबर, दीड इंच सोडली. शेरा: कापड निर्दोष.