पाच व्होल्टांचं गाऱ्हाणं

देवळामागच्या तळीत भिकाजी मयेकराने होडी सोडली आणि ती डावीकडे वळून गोल गोल फिरू लागली. हातभर लांबीची ही होडी त्याने बोटीवरची नोकरी सोडताना जपानातून आणलेली. काठावर बसून हातातल्या डब्याची दांडी हलवायची, की पाण्यात होडीने तसं वळायचं. आज मात्र दांडी उजवीकडे मोडेस्तोवर दाबली, तरी होडीचं आपलं डावीकडेच. तीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेल्या माणसाची अब्रू भर तळीत गरगरत होती.

तशी ती बघायला कोणी नव्हतंच म्हणा. बायको दमयंती जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात बोलणारा एक रेडिओच, आणि तोही उत्तराची वाट बघत नसे.

"भाऊ, पिसाळली की काय ही?" धुण्याचे पिळे घेऊन शेजारची मालन काठावर उभी होती.

"पिसाळली नाय गो. आतला रेग्युलेटर बिघडलाय. सेलांचे नऊ व्होल्ट येतात, त्यातले पाच त्याने पुढे सोडायचे. हा तापतो नि तीनच सोडतो. मग सुकाणू अडकतं."

"म्हणजे आपल्या रेशनवाल्यासारखा!"

मालनला कळलं म्हणजे वाडीला कळलं. दुसऱ्या संध्याकाळी तळीवर बारा माणसं. भिकाजीने मीटर लावला की सगळी माना पुढे काढत.

"किती?"

"तीन."

"अरेरे!"

कोणी म्हणे, पार्ट गार पाण्यात ठेवा. कोणी मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. शेवटी महिपत गुरवाने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या भिकाजीच्या होडीत जे काय दोन व्होल्ट कमी पडत आसतील, ते पुरे कर, नि तिचा उजवीकडचा रस्ता मोकळा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. भिकाजीही ओरडला.

आठ दिवस असेच गेले. भिकाजीने चहाची पावडर दुप्पट आणली. मग महिपतच्या मुंबईतल्या जावयाने नवा रेग्युलेटर एस.टी.च्या कंडक्टरबरोबर धाडला. भिकाजीने तो डाग देऊन बसवला. मीटरवर बरोब्बर पाच! होडी सरळ पलीकडे गेली, उजवीकडे वळली, परत आली. टाळ्या पडल्या, खोबरं वाटलं गेलं आणि "चला, झालं एकदाचं" म्हणत मंडळी पांगली.

दुसऱ्या दिवशी तळीवर कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नीट चालणारी होडी बघायला कोण कशाला येतंय? दमयंतीच्या तेराव्यानंतर पाहुणे गेले, तेव्हा घर असंच खायला उठलं होतं. चौथ्या दुपारी भिकाजीने पडवीत बसून चांगला रेग्युलेटर काढला आणि जुना परत बसवला.

संध्याकाळी होडी गरगरताना दिसताच वाडी लोटली.

"परत बिघाड!" भिकाजी कपाळाला हात लावून म्हणाला.

"पण भाऊ," मालन म्हणाली, "नवा पार्ट तर मघाशी तुमच्या पडवीत बगितला मी. पानाच्या तबकात व्हता."

भिकाजीचे कान तापले. त्याला वर बघवेना.

महिपतने मालनकडे डोळे वटारले. मग सावकाश धोतर सावरून तो काठावर ऐसपैस बसला.

"तुला त्यातलं काय कळतं? नाजूक काम हाय ता," तो म्हणाला. "घाई करून चालायचं नाय. आठ दिवस तरी जातील. काय भिकाजी?"

भिकाजीने एकदा सगळ्यांकडे बघितलं. एकही माणूस जागचा हलला नव्हता.

"पंधरा धरा," तो म्हणाला.