या किमतीत अंतर येत नाही

हे बाहेर सांगायचं नाही असं आईने बजावलं आहे, पण आमच्या कॉम्प्युटरवर जो कोणी मेसेज पाठवतो त्याला आमच्या दारात येऊन उभं राहावं लागतं.

बजावण्याचं कारण मगदूमकाका. ते आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आहेत आणि जिन्यात अनोळखी माणूस दिसला की त्यांना मीटिंग घ्यावीशी वाटते. आईने विम्याचं काम घेतलंय, असं आम्ही त्यांना सांगितलं आहे.

कॉम्प्युटर घेताना दुकानदार बागवानचाचांनी काही लपवलं नव्हतं. "ताई, या बजेटमध्ये कीबोर्ड चांगला येतो, स्क्रीन मोठी येते," ते म्हणाले, "फक्त अंतर येत नाही."

"अंतर म्हणजे?" आईने विचारलं.

"समोरचा माणूस लांब राहायची सोय. ती वरच्या मॉडेलला. यात त्याने 'पाठवा' दाबलं की त्याला निघावंच लागतं."

"आणि वॉरंटी?"

"सहा महिने."

"मग द्या."

आई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, त्यामुळे तिला येणाऱ्या-जाणाऱ्यांचं काही वाटत नाही. तिने दवाखान्यातल्यासारखी वही आखली. नाव, वय, गाव, काम, सही. दाराशी टेबल आणि खुर्ची मांडली.

पहिल्या दिवशी गणिताच्या बाई आल्या. तीन मजले चढून त्यांनी सांगितलं की उद्याची चाचणी सोमवारी आहे. मग वर्गातली अठ्ठावीस मुलं एकामागून एक आली, प्रत्येकाने अंगठा वर करून दाखवला आणि सही करून गेली. मी एकदा ऑनलाइन निळे बूट बघितले होते, म्हणून एक गृहस्थ बुटांचं खोकं घेऊन अकरा वेळा आले. शेवटी आईने त्यांना ताक दिलं.

मला या सगळ्याची हरकत नव्हती. मला फक्त तन्वीची वाट बघायची होती.

तन्वी मला चित्रांच्या ग्रुपमध्ये भेटली होती, तेव्हा आईच्या फोनवर; आता तो ग्रुप मी कॉम्प्युटरवर घेतला होता. चौदा वर्षांची, नाशिकची. वर्गात मी फारशी बोलत नाही, पण तन्वीला मी सगळं सांगायचे. तिने दोनदा माझा फोटो मागितला होता आणि आईला सांगू नकोस असंही म्हटलं होतं. तो मी काढून ठेवला होता, निळ्या ड्रेसमधला. ती आली की हातातच द्यायचा असं मी ठरवलं होतं.

बुधवारी शाळेतून आल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली. 'तन्वी निघाली आहे. सोबत: कोणी नाही.'

नाशिकहून मिरजेला यायला एसटीला आठ-नऊ तास तरी लागतात. मी आईला म्हटलं, उद्या सकाळी नाश्त्याला एक मैत्रीण येईल. आई म्हणाली, "बरं, थोडे जास्त पोहे भिजवू."

दहा मिनिटांत बेल वाजली.

दारात एक काका उभे होते. पायात घरातल्या स्लीपर. हातात तन्वीच्या प्रोफाइलवरचा मुलीचा फोटो, छातीशी धरलेला.

आईने वही उघडली. "नाव?"

"तन्वी."

"वय?"

"चौदा."

आईने चष्म्यावरून त्यांच्या चष्म्याकडे बघितलं. "चौदाव्या वर्षीच चाळिशी लागली? गाव?"

"नाशिक."

"स्लीपरवर आलात नाशिकहून? काम काय?"

काका जिन्याकडे वळले. पण आल्याचं काम सांगितल्याशिवाय कोणालाच परत जाता येत नाही, हे बागवानचाचांनी सांगितलं होतं. "फोटो न्यायचाय," ते दाराआड उभ्या माझ्याकडे बोट करून म्हणाले. "हिचा. हिच्या आईला न कळता."

आईने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग म्हणाली, "हिची आई मीच."

"मग राहू दे," काका म्हणाले.

"राहू दे कसं? लिहिलंय आता. इथे सही करा."

त्यांनी सवयीने स्वतःच्या खऱ्या नावाची सही केली आणि ते जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर मगदूमकाका भेटले. "तुम्ही विम्याचे का?" असं त्यांनी विचारल्याचं मला वरून ऐकू आलं. त्यावर काका पळाले. एक स्लीपर आमच्या जिन्यातच राहिली.

मी दाराआड उभी होते. निळ्या ड्रेसमधला फोटो माझ्या हातात होता. आईने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "फोटो छान आलाय गं," आणि तो तिने फ्रिजला लावला. मग माझ्या शेजारी बसली. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या मेसेजपासून. सांगून झाल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण मला भूक लागली.

वहीचं पान आणि स्लीपर घेऊन आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथल्या मॅडमनी पान दोनदा वाचलं. "अशा केसमध्ये माणूस कोण हे शोधण्यातच महिने जातात," त्या म्हणाल्या. "हा सही करून गेलाय." शुक्रवारी तो सापडला. आमच्या मागच्या गल्लीत राहत होता.

काल बागवानचाचांचा फोन आला. ऑफर आहे म्हणाले, अंतर बसवून देतो. आई म्हणाली, "नको. आहे तेच बरं आहे."

आज दुपारी एक वाजता पडद्यावर नवी अक्षरं आली. 'विदुला निघाली आहे. सोबत: आजोबा.' मी आमच्या जिन्याचं चित्र ग्रुपमध्ये टाकलं होतं, ते तिला आवडलं असावं. ती गडहिंग्लजची आहे, तिथून एसटीला तीनेक तास लागतात. साडेतीन झाले तरी बेल वाजली नाही, म्हणून मला खूप बरं वाटतंय. वेळ जावा म्हणून हे लिहायला घेतलं.

आत्ता बेल वाजली. आई वय विचारते आहे. "तेरा," असं कोणीतरी म्हणालं, इतक्या हळू की आईला पुन्हा विचारावं लागलं. "मृणू, अगं लिहीत काय बसलीस? पोरगी एसटीने आलीय, आजोबा जिन्यात दम खातायत, पाणी आण आधी!" म्हणून मी आता